चाकं जागेवर फिरतात, बुडखा हलत नाही: जुन्या ट्रॅक्टरने झाडाचा बुडखा काढताना

बाभूळ तोडली, सरपण घरी गेलं, बुडखा तेवढा बांधालगत राहिला. मग ट्रॉलीची साखळी बुडख्याला गुंडाळायची, लो-फर्स्ट (सगळ्यात हळू गिअर) टाकायचा आणि क्लच सोडायचा. मागची चाकं जागेवर फिरून वीतभर खड्डा पाडतात, सायलेन्सरमधून काळा धूर येतो, बुडखा आहे तिथंच. मग थोडं मागं येऊन झटका दिला जातो. पुढच्या झटक्याला साखळी तुटते, नाहीतर ट्रॅक्टरचं तोंड वर उठतं. बेळगाव जिल्ह्यात निपाणी-चिकोडीचा ऊसपट्टा असो, येळ्ळूर-वडगावचं भातरान असो की खानापूरची तांबडी माती, तक्रार हीच असते. आणि बांधावर उभे असलेले चार जण एकच उपाय सांगतात: मोठा ट्रॅक्टर आणा. मोठ्या ट्रॅक्टरने हे काम सुटत नाही. का, ते आधी बघू, म्हणजे पुढचं सगळं आपोआप समजेल.

ओढीचा हिशेब

३५ अश्वशक्तीचा जुना ट्रॅक्टर, मग तो महिंद्रा बी-२७५ असो की मॅसी १०३५, वजनाला साधारण १७०० ते १९०० किलो भरतो. त्यातलं ६० ते ६५ टक्के वजन मागच्या चाकांवर, म्हणजे हजार ते बाराशे किलो. घट्ट, कोरड्या जमिनीवर टायर आपल्यावरच्या वजनाच्या ६० टक्क्यांच्या आसपास ओढ धरतो. भुसभुशीत रानात ४० ते ५० टक्के. म्हणजे प्रत्यक्षात मिळते ती ४०० ते ७०० किलोची ओढ. ओढताना पुढचं काही वजन मागं सरकतं, ते धरलं तरी फार तर ९०० किलो.

इंजिनाचा जोर मात्र याच्या कितीतरी पट आहे. ताशी दोन-अडीच किलोमीटर वेगाला ३५ अश्वशक्ती हिशेबाने तीन टनांची ओढ देऊ शकते. जोर आहे, पकड नाही. म्हणूनच इंजिन बंद पडत नाही, चाकं फिरतात.

आता दुसरी बाजू. मनगटाएवढं, म्हणजे ५ सेंटीमीटर जाडीचं हिरवं मूळ सरळ ताणून तोडायला दोन टन सहज लागतात. दहा इंची बाभळीच्या बुडख्याला अशी पाच-सहा मुळं असतात, शिवाय खाली सोटमूळ. ५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आणला तर ओढ दोन-अडीचशे किलोने वाढेल. त्या मुळांना त्याने काही फरक पडत नाही.

म्हणून मूळ तोडायचं काम ट्रॅक्टरला सांगायचंच नाही. मूळ कुऱ्हाडीने तोडायचं. ट्रॅक्टरने सुटा झालेला बुडखा पालथा करायचा आणि खड्ड्याबाहेर ओढून न्यायचा. ज्यांचे बुडखे तासाभरात निघतात त्यांनी आधी अर्धा दिवस टिकाव-खोऱ्या चालवलेला असतो, एवढाच त्यांच्या ट्रॅक्टरचा गुण.

कोणतं झाड, कोणती माती

बाभूळ, सुबाभूळ, चिंच आणि कोयीवरचा आंबा यांचं सोटमूळ खोल जातं. आडवी मुळं सगळी तोडली तरी बुडखा मधल्या खुंटावर गरगरतो, पण उठत नाही. निलगिरीची आडवी मुळं लांब पसरतात आणि बुडाशी लाकडाची गाठ असते. ती गाठ जमिनीत राहिली तर वळवाच्या पहिल्या पावसाबरोबर भोवतीनं धुमारे फुटतात. काजूचा पसारा आडवा आणि मोठा, चर जरा लांबून घ्यावा लागतो. नारळाला सोटमूळ नसतंच, बोटाएवढ्या जाडीची हजारो मुळं असतात. तीन फुटांवरून गोल चर मारला की गड्डा उचलतो, फक्त तो फार जड असतो.

माती याहून महत्त्वाची. अथणी-चिकोडीकडची काळी जमीन एप्रिल-मेमध्ये दगड होते, पहार मारली तरी ठिणगी उडते. जुलैमध्ये त्याच जमिनीत ट्रॅक्टर पोटापर्यंत बसतो. काळ्या रानात हे काम दिवाळीनंतर ते डिसेंबरअखेर करावं. वर टायरला घट्टपणा मिळतो आणि फूट-दीड फूट खाली ओल असते, टिकाव सहज जातो. भातरानात कापणी उरकून मसूर-वाटाणा पेरायच्या आधीची आठ-दहा दिवसांची फट याच कामाची. खानापूरच्या तांबड्या, मुरमाड जमिनीत उलट आहे: तिथं एक-दोन वळीव पडून गेल्यावर, मे अखेरीस, माती मऊ पडते आणि पाणी थांबत नसल्यामुळे ट्रॅक्टरही चालतो. खाली जांभा लागला तर मुळं त्याच्या फटीत शिरलेली असतात. तिथं ट्रॅक्टरचा हट्ट धरू नये. वेदगंगा-दूधगंगेच्या काठची मळी जमीन खोदायला सोपी, पण टायरला धरत नाही. तिथं पुढं सांगितलेली कप्पी लागतेच.

झाड अजून उभंच असेल तर दोन गोष्टी. एक, कर्नाटकात १९७६ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे स्वतःच्या रानातलं झाड तोडायलाही वनखात्याची परवानगी लागते. निलगिरी, सुरू, सुबाभूळ, सिल्व्हर ओक, नारळ अशा काही झाडांना सूट आहे. बाकीच्यांसाठी आधी अर्ज. दोन, झाड जमिनीलगत कापू नका. साडेतीन ते चार फुटांचा खुंट उभा ठेवा. बरेच जण लाकूड वाया जातं म्हणून बुडापासून कापतात आणि मग साखळी बांधायला जागाच उरत नाही. तो उभा खुंट म्हणजे फुकटची तरफ आहे. एका फुटावर बांधलेल्या साखळीपेक्षा चार फुटांवर बांधलेली साखळी तेवढ्याच ओढीत बुडख्याला अडीच ते चार पट जास्त कलवते.

खोदायच्या आधी खाली काय आहे ते बघा

नदीवरून आणलेल्या पाण्याच्या पाइपलाइन बहुतेक ठिकाणी बांधाकडेनंच गेलेल्या असतात, अडीच-तीन फूट खोल. पीव्हीसीच्या जोडातून ओल मिळते म्हणून मुळं नेमकी तिथंच जातात आणि पाइपाला वेढा घालतात. असं मूळ ट्रॅक्टरने ओढलं की बुडख्याबरोबर वीस फूट पाइप उखडून वर येतो, आणि त्या लाइनीवर खालच्या चार जणांचा ऊस अवलंबून असतो. लाइन कुठून गेली आहे ते व्हॉल्व्हच्या चेंबरवरून अंदाजा, त्या बाजूला आधी हाताने खोदा, पाइप उघडा करा आणि त्याला लागलेली मुळं दोन्हीकडून तोडून मोकळी करा. मोटारीची केबल पुरलेली असेल तर तेच. खुंट विजेच्या खांबाच्या तणावतारेजवळ असेल तर ट्रॅक्टर लावू नका, हेस्कॉमच्या (वीज कंपनीच्या) माणसाला आधी बोलवा. बुडखा सामाईक बांधावर असेल तर शेजाऱ्याला सांगून, त्याच्यासमोर काढा, नाहीतर बांध कुणी सरकवला हा वाद वर्षभर चालतो.

चर आणि मुळं

बुडख्यापासून दीड ते दोन फूट अंतर सोडून गोल चर घ्या. रुंदी एक ते सव्वा फूट, म्हणजे कुऱ्हाड फिरेल एवढी. खोली दोन फूट. वरची सहा-आठ इंच माती वेगळी टाका, ती शेवटी परत वर लागते. काळी माती फारच कठीण असेल तर चर अर्धा फूट खणून पाण्याने भरा आणि दुसऱ्या दिवशी पुढं खणा. मात्र ज्या बाजूनं ट्रॅक्टर ओढणार आहे तिकडं पाणी अजिबात जाऊ देऊ नका. चाकाखालची जमीन कोरडी राहिली पाहिजे.

विहिरीची किंवा नदीची मोटार जवळ असेल तर खोऱ्यापेक्षा पाणी बरं. एक इंची पाइपाला अर्धा इंची तोंड लावून माती धुवून काढली की मुळं उघडी पडतात, कुऱ्हाडीचं पातं दगड-मातीवर आपटत नाही. गाळ बुट्टीनं काढून टाका आणि रान वाळल्यावरच ट्रॅक्टर आणा. लाकूड कापायची चेनसॉ असेल तर धुतलेल्या मुळावरच चालवा. मातीतून एकदा गेली की तिची धार संपली.

मूळ एका जागी तोडून भागत नाही. वीतभर अंतराने दोनदा तोडा आणि मधला तुकडा उचलून बाहेर फेका. नाहीतर बुडखा कलताना तोडलेली टोकं एकमेकांत अडकतात आणि मूळ तुटलेलंच नाही असं वाटत राहतं. आधी ओढायच्या विरुद्ध बाजूची मुळं तोडायची, कारण कलताना ताण त्यांच्यावर येतो. मग दोन्ही कुशीतली. ट्रॅक्टरच्या बाजूची शेवटी. बुडखा तिकडंच पालथा होणार असल्यामुळे ती दबतात, फार अडवत नाहीत.

सोटमूळ या टप्प्यावर दिसणार नाही. ते बुडखा कलल्यावर बघायचं.

साखळी, दोर आणि शॅकल

ट्रॉलीत ऊस बांधायची साखळी या कामाची नव्हे. तिच्यावर ताकदीचा शिक्का नसतो आणि एखादी कडी कधी वेल्डिंग करून जोडलेली असते, ती तिथंच सुटते. १० मिलिमीटरची ग्रेड ८० साखळी घ्या. तिची कामाची क्षमता ३.१५ टन. कड्यांवर ८ किंवा ८० चा ठसा असतो. १६ मिलिमीटरचा डी-शॅकल (साखळी जोडायची, पीन असलेली लोखंडी कडी) साधारण सव्वातीन टनांचा येतो, तो पुरतो. शॅकलची पीन पूर्ण बसवून पाव आटा मागं घ्यायची, म्हणजे ताणानंतर ती जाम होत नाही. पिनेच्या जागी हाताला येईल तो नटबोल्ट घालू नका.

विहीर खोदायच्या यारीचा जुना वायररोप बऱ्याच जणांकडं पडून असतो. १२ मिलिमीटरचा दोर धड असेल तर चालतो, पण आधी फडकं हातात घेऊन पूर्ण लांबीवर फिरवा. तुटक्या तारा फडक्याला अडकतात. एका जागी चार-पाच तारा तुटलेल्या, दोर चपटा झालेला किंवा पीळ उलगडलेला दिसला तर तो दोर बाद. टोकाला फास करताना किमान तीन क्लॅम्प लावा आणि क्लॅम्पची बैठक ओढ घेणाऱ्या दोरावर, यू-बोल्ट मोकळ्या टोकावर येईल असं बघा. उलट लावला तर यू-बोल्ट ओढीचा दोर चेचतो आणि तुटायला तीच जागा ठरते. नायलॉनचा दोर वापरूच नका. तो रबरासारखा ताणतो आणि तुटला की टोकाचं लोखंड घेऊन गोफणीसारखा परत येतो.

एकूण लांबी ३५ ते ४० फूट ठेवा. याला दोन कारणं आहेत. पहिलं, तुटलेला दोर चालकापर्यंत पोचू नये. दुसरं फारसं कुणी ध्यानात घेत नाही: खुंटावर साडेतीन-चार फूट उंच बांधलेली साखळी जर दहा फुटांचीच असेल, तर ती ट्रॅक्टरच्या ड्रॉबारला (मागच्या ओढायच्या दांड्याला) वर उचलते आणि मागच्या चाकांवरचं वजन ओढीच्या पंचवीस-तीस टक्क्यांएवढं कमी होतं. पकड आधीच कमी, त्यात आणखी घट. चाळीस फुटांवर तो चढ जवळजवळ नाहीसा होतो.

खुंटावर साखळी घसरते ही नेहमीची अडचण. बांधायच्या जागी कुऱ्हाडीने दोन इंच खोल खाच घ्या, मागच्या बाजूला जास्त खोल. साल ओली असेल तर ती सोलून टाका. साखळी घसरते ती बहुतेक वेळा सालीवरूनच.

ट्रॅक्टरला कुठं अडकवायचं

या सगळ्या कामात माणसाचा जीव जाऊ शकतो तो इथं. साखळी अडकवायची ती फक्त खालच्या पक्क्या ड्रॉबारला, जमिनीपासून दीड फुटाच्या आत. टॉपलिंकच्या (अवजाराला वरून धरणाऱ्या दांड्याच्या) ब्रॅकेटला, मागच्या अॅक्सलला गुंडाळून किंवा सीटखालच्या कशालाही नाही. ओढ मागच्या अॅक्सलच्या वर लागली की चाकं फिरायच्या ऐवजी ट्रॅक्टरचं धूड चाकाभोवती फिरतं. पुढची चाकं उठल्यापासून ट्रॅक्टर पाठीवर पडेपर्यंत दीड सेकंदही लागत नाही, आणि जुन्या ट्रॅक्टरवर डोक्यावर संरक्षणाची फ्रेम नसते. क्लच दाबायला वेळ मिळेल या भरवशावर राहू नका.

अवजार उचलणाऱ्या लिफ्टच्या दोन हातांमध्ये भोकांची जी आडवी पट्टी बसवतात, तीही इथं फसवी आहे. ओढीत लिफ्ट वर सरकली की ओढीची जागाही वर जाते. तीच वापरावी लागली तर दोन्ही बाजूंचे आधाराचे गज लावून ती खालच्या जागी पक्की करा.

चाकं घसरतात म्हणून मागच्या टायरपुढं ओंडका किंवा दगड लावायची सवय काहींना आहे. चाक अडलं की उलटायचा धोका आणखी वाढतो. बंपरवर माणसं उभी करून तोंड दाबायचं, हेही बंद करा. वजन हवं असेल तर बंपरच्या प्लेटा लावा. पकड वाढवायला मागच्या टायरात पाणी भरता येतं: व्हॉल्व्ह वर घेऊन त्या पातळीपर्यंत भरलं की टायर साधारण पाऊण भरतो, मापाप्रमाणे एका टायरात १५० ते २०० लिटर बसतं, दोन्ही मिळून तीन-चारशे किलो. मागच्या टायरची हवा रस्त्यासाठी चढवलेली असते, ती १२ ते १४ पीएसआयवर आणा. एवढ्याने बराच फरक पडतो, खर्च काही नाही.

ओढताना

ब्रेकचे दोन्ही पेडल एकत्र जोडा. ट्रॅक्टर साखळीच्या अगदी सरळ रेषेत उभा करा. साखळीच्या मधोमध ओलं पोतं टाका. तुटली तर ते तिला जमिनीकडं ओढतं. चालक आणि पुढं सांगितलेलं टेकण सरकवणारा एक जण सोडला तर दोराच्या दीडपट लांबीच्या आत कुणी नको, पोरं तर बांधावरही नकोत. लो-फर्स्ट, इंजिन १२०० ते १५०० फेऱ्यांवर, डिफरन्शियल लॉक (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा) असेल तर चाकं फिरायच्या आधीच लावलेला. क्लच हळू सोडत साखळीतली ढील घालवा, ताण बसू द्या, मग ओढ द्या.

चाक एक फेरा जागेवर फिरलं की थांबा. हट्टाने आणखी फिरवलं तर फक्त खड्डा होतो. थांबल्यावर बुडख्याकडं बघा, तिथं सगळं लिहिलेलं असतं. ओढ असताना बुडख्यामागच्या जमिनीत चंद्रकोरीसारखी भेग पडते. भेगेच्या ज्या टोकाला माती फुगली आहे, त्याखाली न तुटलेलं मूळ आहे. मग साखळी पूर्ण ढिली करून, ट्रॅक्टर न्यूट्रलला, हँडब्रेक लावून, त्या जागी खोदा. बाजूच्या मुळांना कुऱ्हाडीच्या दांड्याने ठोकून बघा. माती धरून बसलेलं मूळ टणक वाजतं, सुटलेलं बद्द वाजतं. जे टणक वाजतं ते तोडा आणि पुन्हा ओढा. अशा तीन-चार फेऱ्या लागतात. त्या धीराने केल्या तर साखळीला झटका द्यायची वेळच येत नाही.

बुडखा हातभर कलला की ओढ तशीच ठेवून, खड्ड्याबाहेरूनच लांब पहारीने ढकलून उचललेल्या बाजूखाली दगड किंवा ओंडका सरकवा. मग ट्रॅक्टर सैल करा. बुडखा टेकणावर नीट बसला आहे याची खात्री झाल्यावरच खड्ड्यात उतरून सोटमूळ तोडा. ताणलेल्या साखळीखाली खड्ड्यात उतरायचं नाही, कितीही घाई असली तरी.

झटका का नको

१८०० किलोचा ट्रॅक्टर ताशी ५ किलोमीटरने येऊन साखळी ताणतो आणि साखळी-बुडखा मिळून दोन सेंटीमीटर देतात असं धरा. एवढ्या अंतरात ट्रॅक्टर थांबवायचा तर सरासरी आठ-नऊ टनांचा दणका बसतो. बुडखा यानं कधी कधी निघतोही, म्हणूनच ही सवय सुटत नाही. पण तोच दणका ड्रॉबारची पीन, हबचे स्टड आणि क्राउन-पिनियनचे (मागच्या अॅक्सलमधल्या मोठ्या दातेरी चाकांचे) दात यांवरून जातो. तीन टनांच्या साखळीवर नऊ टन. जुन्या ट्रॅक्टरचा क्राउन-पिनियन बदलायचा खर्च जेसीबीच्या कित्येक तासांच्या भाड्याएवढा आहे.

सगळी मुळं तोडली, तरी ओढ कमी पडते

तेव्हा कप्पी. बाजूची कडी उघडून दोर आत बसवता येतो अशी पोलादी कप्पी घ्या. ती बुडख्याला बांधायची. दोराचं एक टोक लांबच्या दुसऱ्या पक्क्या झाडाला, दोर कप्पीतून फिरवून दुसरं टोक ट्रॅक्टरला. बुडख्यावर जवळजवळ दुप्पट ओढ लागते, घर्षणात दहाएक टक्के जातात. ट्रॅक्टरला दुप्पट अंतर जावं लागतं, त्यामुळे समोर मोकळी जागा ठेवा. नेहमीची चूक अशी की कप्पी त्या दुसऱ्या झाडाला बांधली जाते. मग ओढीची फक्त दिशा बदलते, जोर तेवढाच राहतो. आधाराचं झाड जिवंत आणि जाड हवं, साखळी त्याच्या बुंध्याशी जमिनीलगत, खाली पोतं घालून. कप्पी, तिचा शॅकल आणि बुडख्याची साखळी या तिन्हींवर दुप्पट भार येतो हे विसरू नका.

खुंट आधीच जमिनीलगत कापलेला असेल तर ट्रॅक्टरचं जुनं लोखंडी रिम बुडख्यापुढं उभं ठेवा, साखळी बुडाच्या मुळाला बांधून रिमवरून नेऊन ड्रॉबारला लावा. आडवी ओढ वरच्या दिशेला वळते. रिम पुढं निसटू नये म्हणून त्याचा तळ चार बोटं मातीत बसवा.

दोन ट्रॅक्टर एकामागं एक जोडण्याचा मार्ग टाळलेला बरा. दोघांचे क्लच एकाच क्षणी सुटत नाहीत. एकावर सगळा भार, मग दुसऱ्याचा झटका.

ट्रॅक्टरमध्येच दोष असेल तर

चाकं फिरत नाहीत, इंजिनाचा आवाज वाढतो, जळका वास येतो पण ट्रॅक्टर जागचा हलत नाही: क्लच घसरतोय. पेडलचा मोकळा खेळ बघा, साधारण इंचभर हवा. अजिबात नसेल तर प्लेट अर्धवट दाबलेलीच राहते. खेळ बरोबर असूनही घसरत असेल तर प्लेट झिजली किंवा मागच्या सीलमधून तेल आलं आहे, आधी ते काम. एकच चाक फिरतं: लॉक लागत नाही. लॉक नसलेल्या ट्रॅक्टरला ब्रेकचे पेडल सुटे करून फिरणाऱ्या बाजूचा ब्रेक अलगद दाबला तर ओढ दुसऱ्या चाकाकडं जाते. नंतर पेडल परत जोडा. लो-फर्स्टला धूर सोडून इंजिन बसतं: एअर क्लीनरमधलं तेल आणि डिझेल फिल्टर बघा, बुडखा नव्हे.

कधी सोडून द्यायचं

मुळं तोडल्यावर दहा इंचांपर्यंतचा बुडखा ३५ अश्वशक्तीला सोपा जातो. बारा ते पंधरा इंच कप्पी लावून निघतो. दीड फुटाच्या पुढचा जुना आंबा किंवा चिंच असेल तर जेसीबी बोलवा. तासाभराचं काम आहे. घाई नसेल तर दोन पावसाळे थांबा. बुडखा जमिनीलगत कापून त्यात इंचभर जाडीची, वीतभर खोल भोकं पाडा, युरिया आणि शेणकाला भरा, वर ओली माती टाका. सिल्व्हर ओक, आंबा यात लवकर ढिले पडतात. बाभळीचं लाकूड चिवट, तिला जास्त काळ लागतो. मीठ घालू नका, ते जमीन खराब करतं आणि पुढं ऊस तिथंच पिवळा पडतो.

खड्डा

बुडखा निघाल्यावर खड्ड्यातले बोटापेक्षा जाड मुळांचे तुकडे वेचून काढा. निलगिरी असेल तर गाठीचा तुकडा एकही राहू देऊ नका. खालची माती फूट-फूट टाकून प्रत्येक थर पायाने नाहीतर धुमसाने ठोका, मध्ये दोन बुट्ट्या कुजलेलं शेणखत, आणि बाजूला ठेवलेली वरची माती सगळ्यात शेवटी. खड्डा रानाच्या पातळीपेक्षा सहा इंच उंच भरा, काळी माती पहिल्या पावसाळ्यात तेवढी बसते. एक पावसाळा जाईपर्यंत त्या जागी रोटाव्हेटर घालू नका. तुटक्या मुळाचं टोक पात्यात आलं की पातं वाकतं. नांगर चालतो, पण तिथून जाताना लिफ्टचा दांडा हातात ठेवा आणि नांगर अडला की लगेच वर घ्या.